आयर्लंडच्या यात्रामार्गांवर आठवडाभर: डिंगलच्या पायी सहलीचं सविस्तर नियोजन

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला काउंटी केरीमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) डिंगल नावाचं चिंचोळं द्वीपकल्प अटलांटिकमध्ये घुसलं आहे. त्याच्या पश्चिम टोकावर, एका दिवसात चालून होईल एवढ्या परिसरात, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या मठांचे अवशेष, कोरीव लेखांचे दगड, चुन्याशिवाय रचलेली प्रार्थनाघरं आणि पवित्र झरे विखुरले आहेत. त्यांना जोडणारी यात्रेकरूंची वाट आजही चालती आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सहाव्या शतकातल्या संत ब्रेंडनच्या नावाचा डोंगर, माउंट ब्रँडन. पायी सहलीसाठी आयर्लंडमध्ये एकच आठवडा असेल, तर मी डोळे झाकून डिंगल सुचवेन. पण यात्रामार्गाचा आणि डोंगराचा दिवस जाणत्या स्थानिक गाइडसोबतच करा. वाटेवर खुणा आहेत, वाट शोधायला माणूस लागत नाही. गाइड लागतो तो दोन कामांसाठी: शेताच्या बांधाला टेकलेला दगड नेमका काय आहे हे सांगायला, आणि ढग उतरले की वेळीच मागे फिरवायला.

आधी ठिकाण पक्कं करा

आयर्लंडमध्ये यात्रामार्ग बरेच आहेत, आणि पहिल्याच फेरीत सगळं उरकायचा मोह होतो. काउंटी मेयोतला क्रोक पॅट्रिक (७६४ मीटर) सर्वांत प्रसिद्ध. जुलैच्या शेवटच्या रविवारी तिथे हजारो भाविक चढतात, काही अनवाणी. काउंटी विकलोमध्ये हॉलीवूड गावापासून ग्लेंडालॉकच्या मठनगरीपर्यंत ३० किलोमीटरची संत केविनची वाट आहे. काउंटी कॉर्कमध्ये ड्रिमोलीगहून गुगान बाराच्या तळ्याकाठी नेणारी संत फिनबारची वाट ३५ किलोमीटरची. प्रत्येक वाट सुंदर आहे, पण एकीकडून दुसरीकडे जाताना अख्खा दिवस बस-गाडीत जातो. सात दिवसांत तीन काउंटी दाखवणारे कार्यक्रम पाहिले की मला वाईट वाटतं, कारण त्यात चालणं कमी आणि बसणं जास्त असतं.

डिंगलमध्ये मुक्काम हलवावा लागत नाही. एकाच गावात राहून रोज वेगळ्या दिशेला चालता येतं. हवा बिघडली तर दिवसांची अदलाबदल करता येते, आणि या किनाऱ्यावर ती करावी लागतेच.

कोणत्या महिन्यात

मे, जून आणि सप्टेंबर. मे-जूनमध्ये उजेड भरपूर असतो, जूनच्या मध्यावर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दुपारचं तापमान साधारण १५ ते १८ अंश. जुलै-ऑगस्टमध्ये गाव पर्यटकांनी भरतं, अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते, खोल्या महागतात. ऑक्टोबरनंतर दिवस झपाट्याने लहान होतो आणि बोटी बंद पडतात.

पावसाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. केरीच्या किनाऱ्यावरच्या व्हॅलेंशिया वेधशाळेत वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला जातो. कोकणाच्या मानाने हा आकडा छोटा, पण हा पाऊस बारा महिन्यांत वाटलेला असतो. कोरडा ऋतू म्हणून काही नसतंच. एका दिवसात ऊन, धुकं, आडवा पाऊस आणि पुन्हा ऊन हे नेहमीचं. म्हणून 'पाऊस नसेल तेव्हा जाऊ' हा विचार सोडून द्या, आणि सात दिवसांच्या कार्यक्रमात एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवा.

गाइड आणि सहल निवडताना

तीन पर्याय असतात. पहिला, ठरलेल्या तारखांची गटसहल: राहणं, नाश्ता, गाडी आणि गाइड एकत्र. दुसरा, सामान पोचवणारी पण गाइड नसलेली सहल. तिसरा, राहण्याचं स्वतः ठरवायचं आणि दोन-तीन दिवसांपुरता स्थानिक गाइड घ्यायचा. चार-सहा जणांचा मराठी गट असेल तर तिसरा पर्याय मला सर्वांत चांगला वाटतो. यात्रामार्गाचा एक दिवस आणि डोंगराचा एक दिवस गाइडसोबत, बाकीचे किनाऱ्याचे दिवस आपले आपण.

पैसे भरण्याआधी गाइडला किंवा कंपनीला हे विचारा: डोंगरासाठी 'माउंटन लीडर' ही पात्रता आहे का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण अलीकडचं आहे का? एका गाइडमागे किती माणसं असतात? ढगांमुळे शिखर रद्द झालं तर त्या दिवशी दुसरं काय असतं? आणि शेवटचा प्रश्न, जो फारसं कुणी विचारत नाही: वाटेवरच्या स्थळांबद्दल कोण बोलणार? डोंगर उत्तम जाणणारा प्रत्येक माणूस ओघम या जुन्या आयरिश लिपीबद्दल सांगू शकेलच असं नाही. डिंगलचा पश्चिम भाग आयरिश भाषेचा प्रदेश आहे. तिथलाच, घरात आयरिश बोलणारा गाइड मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. शेताशेताची नावं आणि झऱ्याझऱ्याच्या कथा त्याच भाषेत जिवंत आहेत.

रस्त्यावरच्या पाट्याही तिथे प्रामुख्याने आयरिशमध्ये असतात. नकाशावर इंग्रजी नाव आणि पाटीवर आयरिश नाव असलं की फाटा चुकतो. रोजच्या टप्प्यातल्या गावांची दोन्ही नावं आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा.

व्हिसा आणि पोचणं

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं: आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेन क्षेत्रात नाही. फ्रान्स-जर्मनीचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. आयर्लंडचा स्वतंत्र अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागदपत्रं आणि पासपोर्ट व्हिसा केंद्रात द्यायचे. एका प्रवेशाच्या व्हिसाचं शुल्क ६० युरो, अनेक प्रवेशांच्या व्हिसाचं १०० युरो. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. तो पहिल्याच आठवड्यात करा, कारण उन्हाळ्याआधी गर्दी वाढते. बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, राहण्याची बुकिंग, दिवसवार कार्यक्रम आणि सहलीचा हेतू सांगणारं पत्र व्यवस्थित लावा. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात एकमेकांचा व्हिसा मान्य करणारी एक योजना भारतीय नागरिकांसाठी आहे, पण तिच्या अटी आहेत. ब्रिटनचा व्हिसा हातात असेल तर तो त्या योजनेत बसतो का, हे तिकीट काढण्यापूर्वी तपासा. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे. या लेखातल्या सगळ्या वाटा आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आहेत.

मुंबईहून आखाती देशांतल्या विमानतळावर बदल करून डब्लिनला पोचता येतं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून ट्रलीपर्यंत रेल्वेने सुमारे चार तास, आणि ट्रलीहून डिंगलला बस. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. उतरलेल्या दिवशीच डिंगल गाठायचा अट्टहास नको. एक रात्र डब्लिनला काढा.

शरीर आणि सामान

सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला इथली उंची अवघड जाणार नाही. माउंट ब्रँडन ९५२ मीटर, कळसूबाई १६४६. पण ब्रँडनची चढाई जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होते, आणि पायाखाली कातळापेक्षा ओलं, पीटचं (कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीचं), फसणारं रान जास्त असतं. घोट्यांना आणि पोटऱ्यांना त्याची सवय नसते. निघण्याआधी दोन महिने आठवड्यातून एकदा १५ किलोमीटर चाला. शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार सलग दोन दिवस चालून पाहा, कारण थकवा दुसऱ्या दिवशीच जाणवतो.

आपल्या पावसाळी ट्रेकची सवय एका बाबतीत घात करते. आपल्याकडे भिजलं तरी थंडी मर्यादेत असते, म्हणून आपण फ्लोटर्स घालून बिनधास्त चिखलातून जातो. तिथे दहा अंशांवर वारा आणि पाऊस एकत्र आले की भिजलेला माणूस तासाभरात गारठतो. म्हणून घोट्याच्या वर येणारे, आधी वापरून मऊ केलेले वॉटरप्रूफ बूट, लोकरीचे मोजे आणि पावसाचं जॅकेट घ्याच. पावसाची पँटही तितकीच गरजेची, आणि नेमकी तीच लोक घरी ठेवतात. पोंचो वाऱ्यात फडफडतो आणि छत्री उलटते. जीन्स आणि सुती बनियन बॅगेत ठेवूच नका. एक पातळ लोकरी टोपी आणि हातमोजे जूनमध्येही लागतात. चालायच्या काठ्या असतील तर न्या, दलदलीत खोली पाहायला उपयोगी पडतात.

खाण्याचं थोडं. बी अँड बीतल्या (खोली आणि नाश्ता देणाऱ्या घरगुती निवासातल्या) नाश्त्यात डुकराचं मांस ठरलेलं असतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, म्हणजे ओट्सची लापशी, अंडी, मशरूम, टोमॅटो, ब्राउन सोडा ब्रेड असं मिळतं. भाजीचं सूप मागवताना त्यात चिकनचं पाणी आहे का, हे विचारा. डबा आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो, कारण चालण्याच्या वाटेवर दुकानं जवळजवळ नाहीत. घरून शेंगदाण्याची चिक्की, कोरडी चटणी, तेलातले थेपले जरूर न्या. मात्र दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. पेढे, पनीर, तूप घरीच ठेवा, ताजी फळंही.

पहिला आणि दुसरा दिवस: पाय मोकळे करणं

डिंगलला पोचल्यावर बंदराच्या कडेने दीपगृहापर्यंत जाऊन या. संध्याकाळी गावातलं सेंट जेम्स चर्च बघा. स्पेनशी व्यापार चालायचा त्या काळात इथून यात्रेकरू जहाजाने सँतियागो या तिथल्या तीर्थस्थळाकडे निघत, अशी परंपरा सांगितली जाते.

दुसऱ्या दिवशी व्हेंट्रीहून स्ले हेडच्या वळणाने डनक्विनपर्यंत चाला. डिंगल वे या लांब पायवाटेचाच हा टप्पा, पंधरा किलोमीटरच्या आसपास. वाट माउंट ईगलच्या उतारावरून दगडी कुंपणांमधून जाते, खाली समुद्र सतत सोबत असतो. फाहान गावाच्या परिसरात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल दगडी झोपड्या आहेत. जवळच कड्याच्या टोकावर डनबेगचा किल्ला आहे. त्याचा काही भाग वादळांनी समुद्रात ओढून नेला आहे. पुढे कूमिनोलची पुळण दिसली की पाण्यात उतरावंसं वाटेल. उतरू नका, तिथले प्रवाह धोकादायक आहेत.

तिसरा दिवस: ग्रेट ब्लास्केट

समुद्राने परवानगी दिली तर बोटीने द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकासमोरच्या ग्रेट ब्लास्केट बेटावर जा. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये उरलेल्या मोजक्या रहिवाशांना सरकारने मुख्य भूमीवर हलवलं. छप्पर उडालेली घरं तशीच उभी आहेत. बेटाच्या पाठीवरून जाणारी गवताळ वाट दोन-तीन तास चालायला सुरेख. बोट रद्द झाली तर डनक्विनचं ब्लास्केट केंद्र बघा, तिथे या लोकांचं जगणं नीट मांडलं आहे.

चौथा दिवस: संतांची वाट

या सहलीचा गाभा म्हणजे हा दिवस. 'कसॉन ना नेव्ह', म्हणजे संतांची वाट, १८ किलोमीटरची. व्हेंट्रीच्या पुळणीवरून निघते आणि माउंट ब्रँडनच्या पायथ्याशी बॅलीब्रॅकला संपते. खांबांवर काठी घेतलेल्या यात्रेकरूची पिवळी आकृती आणि बाण असतो. सहा-सात तास धरा. पण घाई करणाऱ्या गटात असाल तर गाइडला आधीच सांगा की तीन ठिकाणी भरपूर वेळ हवा.

पहिलं ठिकाण मॉमनोरिग. इथे एका दगडावर क्रूस कोरला आहे आणि कडेने ओघम लिपीतली अक्षरं आहेत. ओघम म्हणजे दगडाच्या धारेवर मारलेल्या उभ्या-तिरप्या रेघांची लिपी. हा लेख कोलमन नावाच्या यात्रेकरूचं नाव सांगतो. यात्रेकरू हा शब्द त्या रेघांमध्ये स्वच्छ वाचता येतो. ज्या वाटेने तुम्ही आलात त्या वाटेवर इतक्या जुन्या काळी कुणी यात्री होता, याचा याहून थेट पुरावा मिळणं कठीण. माहीतगार सोबत नसेल तर हा दगड न कळताच मागे पडतो.

दुसरं ठिकाण गॅलरसचं प्रार्थनाघर. उलट्या होडीच्या आकाराची ही इमारत एकावर एक थोडे पुढे सरकवत नेलेल्या दगडांनी बांधली आहे, चुना न वापरता. दगड बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवले आहेत, म्हणून पाणी आत न येता ओघळून जातं. शेकडो वर्षं या किनाऱ्यावरचा पाऊस झेलून ती आतून कोरडी राहिली आहे. बांधकामाच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, सातव्यापासून बाराव्या शतकापर्यंतचे अंदाज दिले जातात. पश्चिमेला दार, पूर्वेला एकच छोटी कमानदार खिडकी. आत एकेक-दोघांनी जा, डोळे अंधाराला सरावू द्या, आणि भिंती वर जाताना कशा जवळ येतात ते सावकाश पाहा. टूरबस येण्याआधी पोचता येईल अशा बेताने सकाळी निघा. वाटेला थोडा वळसा घालून रीस्क इथल्या मठाचे अवशेषही बघता येतात. तिथला नक्षीदार क्रूस असलेला उभा दगड चुकवू नका.

तिसरं, किलमालकेदर. बाराव्या शतकातलं, छप्पर गेलेलं रोमनेस्क शैलीचं (जाड भिंती, गोल कमानी) चर्च. आवारात माथ्यापाशी आरपार भोक असलेला ओघम दगड आहे, एक दगडी सूर्यघड्याळ आहे आणि लॅटिन वर्णमाला कोरलेला दगड आहे. इथे दुपारचा डबा खायला बसा, पण कबरींवर नाही. गावातली माणसं आजही इथे पुरली जातात.

वाटेवरच्या पवित्र झऱ्यांभोवती फेऱ्या घालायची रीत इथे जुनी आहे, आणि त्या सूर्याच्या दिशेने, आपल्या प्रदक्षिणेसारख्याच उजव्या हाताला देव ठेवून घालतात. मराठी माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. भाविक फेऱ्या मोजायला खडे वापरतात, ते हलवू नका. झाडाला बांधलेल्या चिंध्या आणि काठावर ठेवलेल्या वस्तूही तशाच राहू द्या.

डोंगराचा दिवस: पाचवा, सहावा की सातवा, हे हवा ठरवेल

माउंट ब्रँडनची तारीख आधी ठरवू नका. मेट एरन या आयरिश हवामान खात्याचा अंदाज रोज संध्याकाळी बघा आणि पाचव्या ते सातव्या दिवसांतला सर्वांत चांगला दिवस डोंगराला द्या. शिखर ढगात असणं हीच इथली सामान्य स्थिती आहे.

बॅलीब्रॅकची पश्चिमेकडची वाट ही यात्रेकरूंची जुनी वाट. चौदा क्रूस क्रमाने वर नेतात, येऊन-जाऊन चार-पाच तास. पूर्वेकडची फाहाची वाट जास्त देखणी, तळ्यांच्या साखळीवरून जाणारी, पण शेवटी खडी आणि निसरडी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पश्चिमेचीच वाट घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. माथ्यावर संत ब्रेंडनच्या नावाच्या छोट्या प्रार्थनाघराचे अवशेष आणि झरा आहे. शिखराच्या पूर्वेला सरळ कडा तुटतो. धुक्यात तिकडे पाऊलही टाकू नका, आलात त्याच क्रूसांच्या ओळीने उतरा. गाइडने अर्ध्यातून परत फिरायला सांगितलं तर तिथे वाद घालायचा नसतो.

डोंगर कुठल्याही दिवशी झाला तरी उरलेले दोन दिवस पुरेसे भरतात. एक दिवस डनक्विनहून क्लॉहरमार्गे स्मेरिकच्या खाडीकाठाने बॅलीडेव्हिडकडे चाला. वाटेत डन अन ओरचा किल्ला लागतो. १५८० मध्ये इथे शरण आलेल्या सुमारे सहाशे सैनिकांची, बहुतांश इटालियन आणि स्पॅनिश, इंग्रज फौजेने कत्तल केली. दुसरा दिवस मोकळा ठेवलेला; हवेने तो खाल्ला नाही तर ब्रँडन क्रीकला जा. संत ब्रेंडन कातडी होडीतून इथूनच अटलांटिकपार निघाला असं परंपरा सांगते. कातडी होडीतून अटलांटिक ओलांडणं शक्य होतं का, हे तपासायला शोधप्रवासी टिम सेव्हरिन आणि त्यांचे साथीदार १९७६ च्या मे महिन्यात याच खाडीतून तशाच होडीत निघाले आणि १९७७ च्या जूनमध्ये न्यूफाउंडलंडला पोचले. खाडी इतकी अरुंद आहे की पाहिल्यावर त्या धाडसाचा अंदाज येतो.

सुरक्षितता आणि शेतकऱ्यांची जमीन

आयर्लंडमध्ये हव्या त्या रानातून फिरण्याचा सार्वत्रिक हक्क नाही. बहुतेक वाटा खासगी शेतातून, मालकाच्या परवानगीने जातात. एका गटाने केलेल्या बेफिकिरीमुळे वाट कायमची बंद होऊ शकते. फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं. ते ओलांडावं लागलंच तर बिजागरीच्या बाजूने ओलांडा. कुंपणावरच्या पायऱ्यांवरूनच जा, दगडी बांधावर चढू नका. विजेच्या तारांचं कुंपण मेंढ्यांसाठी असतं, पण झटका माणसालाही बसतो.

आणीबाणीत ११२ किंवा ९९९ लावा आणि 'माउंटन रेस्क्यू' मागा. ही पथकं स्वयंसेवकांची असतात. दवाखान्याचा खर्च मात्र तुमचा, म्हणून डोंगरभ्रमंतीचा स्पष्ट उल्लेख असलेला प्रवासविमा घ्या. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, तेव्हा १:५०,००० चा कागदी नकाशा बॅगेत असू द्या. डिंगलसाठी 'डिस्कव्हरी' नकाशामालिकेतला ७० क्रमांकाचा. नेचे आणि उंच गवत यांतून गोचिडी चिकटतात, त्यांच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. पाय झाकणारी पँट घाला, रोज अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी तपासा. गोचिड दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा.

पुन्हा जायचं असेल तर

यात्रेकरूंचा एक पासपोर्ट असतो. त्यात संतांची वाट, केरीतलाच क्नॉक ना डोबर डोंगर, संत फिनबारची वाट, संत केविनची वाट आणि मेयोतला टोहर फॉड्रिग अशा पाच वाटांचे शिक्के घ्यायचे असतात. मिळून सुमारे १२५ किलोमीटर. पाचही पूर्ण केल्यावर बॅलिंटबर अॅबी या मेयोतल्या जुन्या मठाकडून प्रमाणपत्र मिळतं. डिंगलला असतानाच पहिला शिक्का घेऊन ठेवा. दुसऱ्या फेरीसाठी मी टोहर फॉड्रिग निवडेन: १२१६ मध्ये स्थापन झालेल्या त्या अॅबीपासून क्रोक पॅट्रिकपर्यंत ३५ किलोमीटर, ख्रिस्ती धर्माच्याही आधीची मानली जाणारी वाट. ती बरीचशी खासगी शेतांतून जाते, म्हणून निघण्याआधी अॅबीत नावनोंदणी करावी लागते.